तीन खोल्या, लांबी सात

तुंगारेसाहेबांची फाईल शुक्रवारी साडेपाचला आली,
म्हणजे शनिवार गेला.
घोडपदेवची जेरामदास चाळ.
चाळीच्या पोटात मजले, मजल्याच्या पोटात खोल्या,
खोल्यांच्या पोटात माणसं,
प्रत्येक जण दोन टोकदार कंसांत, उघडता आणि मिटता.
पात्र की अपात्र, एवढंच भरायचं राहिलेलं.

कॉम्प्युटरचं झाड उलटं असतं,
मूळ वर, पोरं खाली लोंबतात.

मी सहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली.
तिसऱ्या मजल्याला विचारलं, तुझी मुलं किती?
सात, म्हणाला.
तिसरा मजला मागाहून चढवलेला, खोल्या तीनच:
सतरा, अठरा, एकोणीस.
पुन्हा विचारलं. सात.
बरं, पहिलं मूल दाखव.
दाखवलं. कोरं होतं.
प्रकार: मजकूर. आत काय?
एक मोडलेली ओळ आणि चार स्पेस.

फाईल डोळ्यांना बरी दिसावी म्हणून कुणीतरी
ओळी सोडल्या होत्या, नावं आत सरकवली होती.
यंत्रानं ती मोकळी जागाही मोजली,
सतराच्या आधीची, मधल्या दोन,
आणि एकोणीस संपल्यावर उरलेली.
यावर इलाज आहे, पोरंटोरंसुद्धा करतात.
प्रत्येकाला प्रकार विचारायचा,
एक आला तर ठेवायचं,
तीन आला तर पुढे.

पण ती चाळ मी पाहिली आहे.
मार्चात सर्व्हेला मीच गेले होते, टॅब घेऊन.
अठराच्या सरमळकर वहिनींनी कोकम दिलं,
पेला परत घ्यायला दारापर्यंत आल्या.
सतरा आणि अठराच्या मधे, गॅलरीत,
एक ट्रंक, ट्रंकेवर वळकटी,
खिळ्याला शर्ट, शर्टाशेजारी हाताएवढा आरसा,
आरशाच्या कोपऱ्यात कुणाची तरी जुनी टिकली.
हे कुणाचं?
बाबलचं, वहिनी म्हणाल्या, जसं कुणी म्हणावं, जिन्याचं.

बाबल परुळेकर, वय अंदाजे एकाहत्तर.
तिसऱ्या पाळीला होता तेव्हा दिवसा झोपायला आला.
पाळी गेली, गिरणी गेली, तो झोपत राहिला.
चहा सतराकडून, पाणी अठराकडून,
भाड्याची पावती कुणाकडूनच नाही.
टॅबात त्याच्यासाठी रकाना नव्हता.
मी तरी सवयीनं विचारलं, खोली क्रमांक?
तो हसला. "सतराचो शेजारी, अठराचोय शेजारी.
तुका काय बसता ता बघ."

तुंगारेसाहेबांचा फोन.
अगं, स्पेस काढून टाक ना सगळ्या, फाईल हलकी होईल.
चूक नाही त्यात काही. करून पाहिलं.
अख्खी चाळ एका ओळीत आली,
भिंतीला भिंत, कंसाला कंस,
गॅलरी नाही, श्वास घ्यायला कठडा नाही.
लांबी तीन.
बिल्डरला हीच यादी जाणार, जाऊ दे,
मी काही शूर वगैरे नाही,
माझाही कांजूरला हप्ता चालू आहे.

मूळ फाईल मात्र पुन्हा उघडली.
टिपण लिहायची एक सोय असते,
एक उद्गारचिन्ह, आडव्या रेघा.
त्यात लिहिलेलं छापून येत नाही,
पात्र ठरत नाही, अपात्रही ठरत नाही,
पण झाडात असतं.
सतरा आणि अठराच्या मधे, नव्या ओळीवर, मी लिहिलं:
बाबल परुळेकर. ट्रंक. आरसा.

स्क्रिप्ट चालवली. लांबी नऊ.

मी एकच घातला होता, दोन कसे वाढले?
वरून खाली बोट लावत मोजलं.
एक तो.
आणि त्याच्यापुढे एक कोरी जागा,
वळकटी उलगडण्यापुरती.

रात्री साहेबांचा मेसेज: बसलं का सगळं?
बसलं, मी लिहिलं.